प्रोस्टेटच्या कॅप्सूलने भोवळ येते, वीर्य येत नाही: औषध बंद करावं का?

एका गृहस्थांनी विचारलं आहे: वय ६६. सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम, लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ७० मिली शिल्लक. टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम एकत्र असलेली कॅप्सूल रात्री जेवणानंतर सुरू केली. तीन आठवड्यांत धार बरीच सुधारली, पण रात्री लघवीला उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, नाक चोंदलेलं असतं आणि संबंधाच्या वेळी वीर्य बाहेरच येत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, शुगरसाठी मेटफॉर्मिन आधीपासून चालू आहे. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नेटवर वाचून धास्ती घेतली, चार दिवस कॅप्सूल बंद ठेवली, आणि आता लघवी पुन्हा थेंब थेंब होते. 'हे औषध घेऊ की सोडू?'

तुम्ही एक कॅप्सूल गिळता, पण पोटात दोन औषधं जातात, आणि या दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. टॅमसुलोसिन प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. ग्रंथीचा आकार त्याने तसूभरही कमी होत नाही, पण वाट मोकळी होते, आणि तीही काही दिवसांत. ड्युटास्टेराइड पुरुषी हार्मोनचं प्रोस्टेटला वाढवणारं रूप तयार होऊ देत नाही. त्यामुळे ग्रंथी हळूहळू आक्रसते, साधारण पाव हिस्सा, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. त्रास कोणत्या औषधाचा हे कळल्याशिवाय घेऊ की सोडू याचं उत्तर देता येत नाही. एकत्र कॅप्सूलची अडचण हीच आहे. म्हणून सुरुवातीचे महिने दोन्ही औषधं सुटी घ्यावीत असं माझं मत आहे. एक गोळी जास्त गिळावी लागते, पण कोणती कशाला कारण हे कळतं, एकाची वेळ बदलता येते, एक थांबवता येतं.

तुमच्या चार दिवसांच्या खंडातून मात्र थोडी माहिती हाती लागते. ड्युटास्टेराइड अंगातून निम्मं व्हायलाच सुमारे पाच आठवडे लागतात, म्हणजे चार दिवसांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं. निघून गेलं ते टॅमसुलोसिन. तेव्हा त्या चार दिवसांत अंधारी आणि नाक चोंदणं थांबलं असेल तर कारण टॅमसुलोसिन आहे असं धरून चालायला हरकत नाही. अंधारी तशीच राहिली असेल तर बीपीच्या गोळ्या, शुगर, हिमोग्लोबिन यांच्याकडे बघायला हवं. डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा. चार दिवस बंद ठेवल्याचं लपवू नका. त्यांना निदानासाठी त्याचाच उपयोग आहे.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरेल: उभं राहिल्यावर बीपी किती उतरतं, डायबेटिस किती वर्षांचा, किडनीचे आकडे कसे आणि औषध सुरू करण्यापूर्वीचा पीएसए (प्रोस्टेटसाठी करतात ती रक्ततपासणी) किती होता. तुम्हाला तपासल्याशिवाय डोस बदला असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांशी बोलण्याआधी काय बघायचं आणि का, ते सविस्तर सांगतो.

अंधारीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या यादीतली सर्वांत धोक्याची गोष्ट तीच आहे. या वयात रात्री पडून खुब्याचं हाड मोडणं हे प्रोस्टेटच्या दुखण्यापेक्षा कितीतरी वाईट. टॅमसुलोसिन मुख्यत्वे प्रोस्टेटच्या स्नायूंवर काम करतं, रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम कमी असतो, म्हणून एकट्या टॅमसुलोसिनने बीपी फारसं उतरत नाही. पण तुमच्याकडे ते एकटं नाही. बीपीच्या दोन गोळ्या आहेत, शिवाय डायबेटिस. उठून उभं राहिल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त वर ढकलायचं काम ज्या नसा करतात, त्या जुन्या डायबेटिसमध्ये मंदावतात. त्यात ही कॅप्सूल आली की शरीराला सावरायला वेळ लागतो.

आता वेळेचा हिशेब बघा. जेवणानंतर घेतलेल्या टॅमसुलोसिनची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती सहा-सात तासांनी. साडेआठला जेवून नऊला कॅप्सूल घेतली तर ती वेळ येते पहाटे तीन ते चार. नेमकं त्याच वेळी तुम्ही लघवीला उठता. 'रात्री घ्या, झोपेत काही कळणार नाही' हा सल्ला रात्रभर झोपणाऱ्या माणसासाठी ठीक आहे. प्रोस्टेटच्या रुग्णाची अडचणच ही की तो रात्रभर झोपत नाही. काहींना टॅमसुलोसिन सकाळच्या नाश्त्यानंतर घेतल्याने फरक पडतो. मात्र औषध अंगात दिवसभर राहतं, तेव्हा वेळ बदलली की त्रास पूर्ण जाईलच असं नाही, आणि सकाळी बीपीच्या गोळ्या घेत असाल तर सगळी औषधं एकाच वेळी गाठ पडतील. म्हणून वेळ परस्पर बदलू नका. आधी मोजमाप करा.

ते असं. दंडावर पट्टा बांधायचं घरगुती मशीन घ्या. पाच मिनिटं आडवे पडून राहा, बीपी मोजा. मग उभे राहा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. पट्टा सोडायचा नाही, हात हृदयाच्या उंचीला आधार देऊन ठेवायचा, शेजारी घरातलं कुणीतरी हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर बीपी पडतं असं नक्की होतं. हे एकदा सकाळी उठल्याउठल्या बीपीची गोळी घेण्याआधी आणि एकदा रात्री लघवीला उठताना करा. तीन दिवसांचे आकडे वेळेसकट कागदावर लिहा. 'चक्कर येते' या तक्रारीवर डॉक्टरला फार काही करता येत नाही. '१३८ वरून ११० झालं, पहाटे साडेतीनला' यावर बीपीची गोळी कमी करायची, तिची वेळ बदलायची की टॅमसुलोसिनच्या जागी दुसरं द्यायचं हे ठरवता येतं.

तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसा, पावलं आठ-दहा वेळा वरखाली करा, दिवा लावा, मग उठा. लघवी बसून करा. उभ्याने कुंथून लघवी करताना बीपी आणखी उतरतं, आणि न्हाणीघरात कोसळणाऱ्यांपैकी बरेच जण असेच कोसळतात. पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवण्यात कमीपणा काही नाही.

कॅप्सूल रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची, याला ठोस कारण आहे. रिकाम्या पोटी टॅमसुलोसिन लवकर आणि जास्त शोषलं जातं, रक्तातली सर्वोच्च पातळी ४० ते ७० टक्के जास्त जाते. एकादशीला किंवा चतुर्थीला दिवसभर नुसत्या चहावर राहून सवयीने कॅप्सूल घेतली की त्या रात्री भोवळ यायची शक्यता वाढते. उपवास करायला हरकत नाही. उपवासाचं पोटभर खाणं झाल्यावर घ्या. जुलाब, उलट्या, सणसणीत ताप असताना, किंवा उन्हाळ्यात भर उन्हातून आल्यावरही असंच, अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. अशा दिवशी डॉक्टरांना विचारून एखादा डोस टाळलेला बरा. कॅप्सूल चावायची किंवा फोडायची नाही: टॅमसुलोसिनचे दाणे हळूहळू विरघळावेत म्हणून तसे बनवलेले असतात, आणि ड्युटास्टेराइडच्या आतल्या द्रवाने तोंड आणि घसा चरचरतो.

आणखी एक. दुकानातून परस्पर सिल्डेनाफिल (ताठरतेसाठीची गोळी) आणून अधूनमधून घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. ते आणि टॅमसुलोसिन मिळून बीपी एकदम खाली आणू शकतात. आणि छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची वेळ ज्यांना येते त्यांनी सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्यांना हातही लावायचा नाही. यात टॅडालाफिलची प्रोस्टेटसाठी रोज दिली जाणारी ५ मिलिग्रॅमची गोळीही आली.

नाक चोंदणं ही किरकोळ तक्रार वाटेल, पण त्यावर थोडं थांबतो, कारण लघवी पूर्ण अडून रात्री दवाखाना गाठायची वेळ अनेकदा इथूनच येते. टॅमसुलोसिनने नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक बंद होतं. माणूस म्हणतो सर्दी झाली आणि केमिस्टकडून सर्दीची गोळी आणतो. त्या गोळीत बहुधा फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन असतं. फिनाइलएफ्रिन प्रोस्टेटचा तोच स्नायू आवळतं जो टॅमसुलोसिन सैल करत होतं, आणि क्लोरफेनिरामिन मूत्राशयाची आकुंचनाची ताकद कमी करतं. दोन-तीन गोळ्या पोटात गेल्या की लघवी तुंबू शकते आणि नळी घालायची वेळ येते. तुमच्या मूत्राशयात आधीच ७० मिली शिल्लक राहतं, म्हणजे तुमच्याकडे राखीव ताकद कमी आहे. नाकासाठी वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे घ्या. सर्दीच्या गोळ्या, काही खोकल्याची औषधं, प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, पोटात मुरडा आला की घेतात ती डायसायक्लोमिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, या सगळ्यांच्या बाबतीत केमिस्टला आणि डॉक्टरला आधी सांगायचं: मला प्रोस्टेट आहे.

आता वीर्याचं. पुरुष हे डॉक्टरला सांगत नाहीत, बायकोलाही सांगत नाहीत, आणि गुपचूप गोळी सोडतात. तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. तीन आठवड्यांत, तेही अचानक, वीर्य पूर्ण थांबलं असेल तर ते टॅमसुलोसिनचं काम. वीर्य पुढे ढकलणारे स्नायूही त्याच औषधाने सैल होतात. पूर्वी सरसकट सांगत की वीर्य उलटं मूत्राशयात जातं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की टॅमसुलोसिनमध्ये बहुतेक वेळा ते पुढे ढकललंच जात नाही. दोन्ही प्रकारांत शरीराला इजा नाही, 'आत साठून' काही होत नाही, ताठरता आणि सुखाची भावना बहुधा शाबूत राहते, आणि औषध थांबवल्यावर काही दिवसांत सगळं पूर्ववत होतं. मूल हवं असणाऱ्या तरुण रुग्णाला मात्र हे औषध देण्यापूर्वीच सांगायला हवं.

इथे एक देवाणघेवाण आहे, आणि ती रुग्णाने समजून घेऊन निवडावी असं मला मनापासून वाटतं. टॅमसुलोसिन ०.४ च्या चाचण्यांमध्ये वीर्याची तक्रार सुमारे ८ टक्के लोकांना झाली, त्याच जातीच्या सिलोडोसिन ८ मिलिग्रॅमच्या चाचण्यांमध्ये सुमारे २८ टक्के. उलट सिलोडोसिन बीपीला त्यामानाने कमी धक्का लावतं. याच जातीच्या अल्फुझोसिन १० मिलिग्रॅममध्ये वीर्याची तक्रार क्वचितच होते, पण भोवळ येऊ शकते आणि यकृताचा आजार असेल तर ते चालत नाही. म्हणजे ज्याला भोवळ नकोच त्याचा कल सिलोडोसिनकडे, ज्याला वीर्य न येणं खुपतं त्याचा अल्फुझोसिनकडे. तुम्हाला दोन्ही त्रास आहेत, म्हणून आधी बीपीची औषधं नीट लावून भोवळ आटोक्यात येते का बघावं आणि मग उरलेल्या तक्रारीसाठी औषध बदलावं, हा क्रम मला योग्य वाटतो. सिलोडोसिनचा डोस किडनी मंद असेल तर निम्मा करावा लागतो आणि फारच मंद असेल तर ते देत नाहीत, तेव्हा आधी क्रिएटिनिन बघावं. डॉक्सॅझोसिन, टेराझोसिन, प्राझोसिन ही याच जातीची जुनी औषधं बीपी जास्त उतरवतात. तुमच्यासारख्याला ती मी टाळेन.

ड्युटास्टेराइडचे त्रास वेगळ्या चालीने येतात: महिन्यांच्या हिशेबात, हळूहळू. इच्छा कमी होणं, ताठरता कमी पडणं, वीर्याचं प्रमाण घटणं, क्वचित छाती दुखरी होणं किंवा स्तन वाढणं. त्याच्याच घरातल्या फिनास्टेराइडच्या चार वर्षांच्या मोठ्या चाचणीत पहिल्या वर्षी १५ टक्के पुरुषांना लैंगिक तक्रारी झाल्या, आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांनाही ७ टक्के. त्यानंतरच्या वर्षांत नव्या तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका छोट्या चाचणीत तर, ज्यांना या त्रासांची आधी कल्पना दिली त्यांच्यापैकी ४४ टक्के पुरुषांनी वर्षभरात तक्रार केली, ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी १५ टक्के. याचा अर्थ त्रास मनाचे खेळ आहेत असा कुणी काढू नये. काही पुरुषांमध्ये औषध बंद केल्यावरही तक्रारी रेंगाळल्याच्या नोंदी आहेत, मन उदास होण्याच्याही आहेत. सांगायचं एवढंच की रात्री दोनला नेटवर यादी वाचून प्रत्येक लक्षण स्वतःत शोधू नका, आणि खरोखर फरक जाणवला तर लपवूही नका. छातीत गाठ लागली किंवा स्तनाच्या बोंडातून पाणी आलं तर मात्र लगेच दाखवा.

घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या, गळणाऱ्या ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलला हात लावू नये; द्रव त्वचेतून आत जातो आणि पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. गोळ्यांचा डबा तिच्याकडून भरून घेऊ नका. रक्तदान शेवटच्या डोसनंतर सहा महिने करायचं नाही, तेही याच कारणासाठी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं उत्तर सरळ आहे: डोळ्याच्या डॉक्टरांना आजच फोन करून औषधाचं नाव सांगा. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या बुबुळातला रंगीत पडदा ऑपरेशनमध्ये ढिला पडून फडफडतो आणि बाहुली मध्येच लहान होते, हे २००५ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं गेलं. आधी माहीत असेल तर सर्जन डोळ्यात विशेष औषध देतात, पडदा धरून ठेवणारे हुक किंवा रिंग तयार ठेवतात, आणि ऑपरेशन नीट होतं. माहीत नसेल तर गुंतागुंत वाढते. औषध आठवडाभर आधी बंद केल्याने हा धोका जात नाही. वर्षापूर्वी सोडलेल्यांमध्येही पडदा ढिला आढळतो. त्यामुळे ऑपरेशनसाठी म्हणून कॅप्सूल बंद करण्यात फायदा नाही, उलट लघवी अडली तर ऑपरेशनच पुढे ढकलावं लागेल. ज्यांनी अजून हे औषध सुरूच केलेलं नाही आणि मोतीबिंदूची तारीख जवळ आहे, त्यांनी ऑपरेशन होईपर्यंत थांबता येईल का, हे जरूर विचारावं.

पीएसएबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण याची चूक सर्वांत महागात पडते. ड्युटास्टेराइडने सुमारे सहा महिन्यांत पीएसए निम्मा होतो. त्यानंतरचा आकडा दुप्पट करून वाचायचा. समजा सुरुवातीला ३.८ होता, सहा महिन्यांनी १.९ च्या आसपास हवा. पुढे वर्षभराने रिपोर्टवर ३.२ आलं तर लॅब शेजारी 'नॉर्मल ४ पर्यंत' असं छापेल, सगळे निश्चिंत होतील, आणि खरा आकडा असेल ६.४. औषध नियमित चालू असताना सर्वांत खालच्या आकड्यावरून पीएसए चढू लागला तर तो नॉर्मलच्या चौकटीत असला तरी कॅन्सरसाठी तपासणी करावी लागते. तुमचा सुरुवातीचा पीएसए केला नसेल तर आत्ताच करून घ्या. अजून तीनच आठवडे झालेत.

औषध पुन्हा सुरू करण्याबद्दल: चार दिवसांच्या खंडानंतर टॅमसुलोसिन ०.४ त्याच डोसवर पुन्हा देता येतं, पण डॉक्टरांना आधी फोन करा आणि पहिले दोन-तीन दिवस पहिल्यांदाच घेतोय असं समजून वागा. झटकन उठू नका, गाडी चालवू नका. डॉक्सॅझोसिन किंवा टेराझोसिन घेणाऱ्यांनी मात्र काही दिवसांच्या खंडानंतर जुना डोस एकदम घ्यायचाच नाही. १ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं, नाहीतर पहिल्याच रात्री शुद्ध हरपू शकते. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगलं आणि कळा यायला लागल्या, थंडी वाजून ताप आला, शुद्ध हरपली, डोक्याला मार लागला, किंवा लिंगाचा ताठरपणा चार तास उतरला नाही, तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

रात्रीच्या लघवीसाठी कदाचित पुढे सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन (मूत्राशय शांत करणारी औषधं) जोडायचा विषय निघेल. पहिल्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, वयस्कर माणसाचा कधी गोंधळ उडतो; दुसऱ्याने बीपी वाढू शकतं. दोन्हींआधी शिल्लक लघवी पुन्हा मोजून घ्या.

ड्युटास्टेराइड तुम्हाला विनाकारण दिलंय असं मला वाटत नाही. ग्रंथी ५२ ग्रॅम आहे; या औषधाचा फायदा मोठ्या ग्रंथीतच होतो. २५ ग्रॅमच्या प्रोस्टेटला ते दिलं असतं तर मी कारण विचारलं असतं, कारण तिथे त्रास होतो आणि फायदा जवळपास शून्य. शिवाय तुम्हाला खटकणारी भोवळ आणि वीर्याची तक्रार बहुधा टॅमसुलोसिनची आहे, आणि ते कायमचं असेलच असं नाही. दोन्ही औषधं सहा महिने घेऊन ग्रंथी आक्रसल्यावर टॅमसुलोसिन काढून बघितलेल्या एका चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना पुढेही बरंच वाटलं. सुरुवातीला ज्यांचा त्रास तीव्र होता त्यांना मात्र ते तितकंसं जमलं नाही. म्हणून सहा महिन्यांनी लघवीच्या धारेची तपासणी, शिल्लक लघवीची सोनोग्राफी आणि पीएसए करून टॅमसुलोसिन थांबवून बघता येईल का, हे आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठेवा. त्यासाठी तोवर दोन्ही औषधं सुट्या गोळ्यांत लिहून मागा. दोन्ही सोसलीच नाहीत तर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, पण त्यानंतरही वीर्य उलटं मूत्राशयात जाण्याचं प्रमाण मोठं असतं. केवळ वीर्याच्या तक्रारीसाठी घाईने तो रस्ता धरू नका.

या आठवड्यात जायचं असेल तर सोबत न्या: आडवे-उभे बीपीचे तीन दिवसांचे आकडे, चार दिवसांच्या खंडात काय काय थांबलं त्याची नोंद, केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या औषधांसकट सगळ्या गोळ्यांची पाकिटं, क्रिएटिनिन आणि पीएसएचा रिपोर्ट. पीएसएच्या कागदावर 'ड्युटास्टेराइड सुरू केल्याची तारीख' पेनाने लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणीही डॉक्टर तो रिपोर्ट बघेल तेव्हा आकडा दुप्पट करून वाचेल.